तिसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी लिफ्टच्या छतावर बसून बोल्ट बदलत होतो.

माझं काम लिफ्ट दुरुस्तीचं. लोकांना लिफ्ट आतून माहीत असते, मला वरून. ऑफिसांची ती इमारत पाच मजल्यांची. लिफ्ट बंद करून मी तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बसलो होतो आणि उजेडासाठी चौथ्या मजल्याचं दार उघडं ठेवलं होतं. त्या दारात मुंगी येऊन उभी राहिली.

मुंगी म्हणजे माझी मुलगी, चौदा वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणी घरातली एकेक वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची, म्हणून तिची आई तिला मुंगी म्हणायला लागली आणि तेच चिकटलं. अंगावर शाळेचा गणवेश होता, दप्तर नव्हतं. चार मजले चढून आल्यामुळे धाप लागली असेल असं मला वाटलं.

"बाबा, वर या," ती म्हणाली.

मी म्हटलं, एवढा एक बोल्ट राहिलाय, आलीच आहेस तर बॅटरी धर. पैसे हवे असतील, आईचा फोन लागला नसेल, एवढंच माझ्या डोक्यात. तिने गुडघे टेकून बॅटरी धरली. उजेड जरासुद्धा हलला नाही. मी बोल्ट आवळला, पान्हा पुसून पिशवीत टाकला आणि वर आलो. काम झालं का, असं तिने विचारलं. झालं म्हटल्यावर तिने सांगितलं.

तिची आई बसस्टॉपवर उभ्या उभ्या कोसळली होती. डोक्यातली नस फुटली. लोकांनी दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं. दवाखान्यातून घरच्या फोनवर निरोप आला, तो शाळेतून नुकत्याच आलेल्या मुंगीने घेतला. शेजारच्या कुणालाही हाक न मारता ती सरळ माझ्याकडे आली.

म्हणजे बॅटरी धरून बसली होती तेव्हा तिला सगळं माहीत होतं. पोरीने माझं काम पूर्ण होऊ दिलं.

त्यानंतर माझं एका जागी बूड टिकेना. जेवायला बसलो की गॅस बंद आहे का बघायला उठायचो. गॅस बंद असायचा, तरी पुन्हा उठायचो. कामावरून घरी आलो की घर खायला उठायचं आणि घराबाहेर पडलो की घरी काहीतरी राहिलंय असं वाटायचं. माझी मोठी बहीण, आक्का, आमच्याकडे राहायला आली. तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे आपल्या सोयीने लावले. आता मीठ शोधायला उठायचंही एक निमित्त झालं. आक्का म्हणाली, "तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. बस की जरा. तू फिरलास म्हणून काय ती परत येणार आहे?" मी बसलो. ती आत गेल्यावर परत उठलो.

आमच्या घरात पैसे बायकोच्या पर्समध्ये असायचे. पगार झाला की मी तिच्या हातात द्यायचो, ती पर्समध्ये टाकायची आणि पर्स दाराच्या मागच्या खुंटीला. ती गेल्यावरही मी पैसे तिथेच ठेवत होतो. दुसरी जागा सुचलीच नाही. मुंगीला वहीला नाहीतर बसला पैसे लागले की मी खुंटीवरून पर्स काढायचो, चेन ओढायचो आणि तिथेच थांबायचो. आत तिचा कंगवा होता, खोकल्याच्या गोळ्या होत्या, कसली कसली बिलं होती. माझा हात आत जायचा आणि बाहेर यायचं विसरायचा.

एकदा मुंगी म्हणाली, "राहू दे, चालत जाते."

मग तिने मागणंच बंद केलं. तिचे बूट तिला लहान झाले होते, टाचेला फोड आला होता, तेही मला आक्काकडून कळलं.

आणि एके दिवशी जेवताना तिने सांगून टाकलं की आईच्या कुंड्यांचं काम ती करणार.

हे काम काय होतं ते सांगायला हवं. त्या पाच मजल्यांच्या इमारतीतल्या ऑफिसांत शोभेसाठी झाडं ठेवलेली होती. आणायची हौस सगळ्यांना, बघायचं कुणी नाही. मी लिफ्टच्या कामाला जायचो तेव्हा ती वाळकी झाडं बघून घरी येऊन सांगायचो, की तिकडे झाडांचं हॉस्पिटल काढलं तर चांगलं चालेल. मी थट्टेत बोललो, तिने मनावर घेतलं. एका दुपारी गेली, प्रत्येक ऑफिसात विचारलं आणि काम घेऊन आली. तळमजल्यावरची मोकळी जागा, दुसऱ्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाई, तिसऱ्या मजल्यावर विम्याचं मोठं ऑफिस. विम्यावाल्यांकडेच सगळ्यात जास्त कुंड्या आणि पैसेही त्यांचेच जास्त. त्यांनी तिच्याकडे एक किल्ली देऊन ठेवली होती, सुट्ट्या लागून आल्या तर आत जाता यावं म्हणून.

तिची पद्धत अशी की प्रत्येक कुंडीत आइस्क्रीमची एक काडी खोचलेली. काडी खोल दाबायची, बाहेर काढायची आणि बघायची. माती चिकटली तर पाणी नाही, काडी कोरडी आली तर पाणी. या काड्यांसाठी आम्हा तिघांना वर्षभर आइस्क्रीम खावं लागे आणि बिल कामाच्या खर्चात. अशी होती ती.

मुंगी शाळा सुटल्यावर कधी कधी तिच्याबरोबर जायची, पानं पुसायला. मी मात्र एकदाही नीट बघितलं नव्हतं; काडीची ही पद्धत मला फार नंतर कळली. काड्या दिसायच्या. मला वाटायचं माती मोकळी करायला असतील.

मुंगी हे काम करणार म्हटल्यावर आक्काला ठसका लागला. बाप धडधाकट असताना पोरगी कामाला जाणार, लोक काय म्हणतील, असं तिने मलाच विचारलं. वर म्हणाली, "उद्या म्हणेल, बाबा, तुम्ही घरी बसा, मी कमावते." मुंगीने सांगितलं की अभ्यास बुडणार नाही, काम आठवड्यातल्या फक्त तीन दुपारचं आहे. मी विचारलं, पैसे कशाला हवेत, मी आहे ना.

तिने ताटातलं मीठ बोटाने सारखं केलं. "तुमच्याकडे मागितले की तुम्ही पर्स काढता," ती म्हणाली. "मला नाही बघवत."

आक्काने तिच्या ताटात न विचारता भात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरखर्चाचे पैसे शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो. पर्स खुंटीला तशीच राहिली. पण मुंगीचं ठरलं ते ठरलं. ती स्वतः जाऊन सगळ्यांना भेटून आली. डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या. विम्याचा मॅनेजर मात्र नाखूश. त्याला एका कंपनीचा माणूस येऊन भेटून गेला होता. गाडी, गणवेश, छापील कार्ड, सगळं असलेली कंपनी. मॅनेजर मुंगीला म्हणाला की तुझ्या आईसाठी मला वाईट वाटतं, पण हे ऑफिस आहे, महिनाभर बघू, झाडं नीट राहिली तर काम तुझं. हे तिने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. आई गेल्यापासून तिला काहीतरी हवंय असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

आणि मला धास्ती बसली.

पोर लहान. शाळा, अभ्यास, त्यात डोक्यात आईचं चाललेलं. एखाद्या दिवशी विसरली, कंटाळली, मैत्रिणींबरोबर गेली तर? झाडं वाळणार, मॅनेजर काम काढून घेणार आणि तिला वाटणार की आईचं होतं तेवढंही आपल्याकडून सांभाळलं गेलं नाही. मला ते बघायचं नव्हतं. पहाटे तसंही जाग येऊन मी घरात येरझाऱ्या घालायचो. म्हटलं, येरझाऱ्या घालायच्याच तर कामाच्या घालाव्यात.

मी कामावर लवकर निघायला लागलो. त्या इमारतीत झाडलोट करायला एक मावशी येतात, त्या सकाळी सगळी ऑफिसं उघडून पंखे लावून ठेवतात. मला लिफ्टमुळे ओळखतात. मी पाण्याची बाटली भरायचो आणि तिसऱ्या मजल्यावरून सुरुवात करायचो. फार नाही द्यायचो. ओठ ओले होतील एवढंच. मातीवर हात फिरवायचा, वरून कोरडी लागली की थोडं. आणि एसीच्या गार हवेत माती वरून रोजच कोरडी असते. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंच्या दाराला त्यांचं स्वतःचं कुलूप, तिथे मला जाता यायचं नाही. तळमजल्यावर निघताना उरलेलं ओतायचो.

मावशी केर भरता भरता म्हणाल्या, "बापलेकींनी वाटून घेतलंय वाटतं. सकाळ तुमची, दुपार तिची." मी म्हटलं हो. एवढा वेळ माझे हात शांत असायचे. बायकोचं बोट जिथे लागायचं तिथे माझं लागतंय, असंही वाटायचं. सबंध दिवसात तेवढंच बरं वाटायचं. मुंगीला सांगितलं नाही. सांगितलं तर वाटणार की बापाचा विश्वास नाही.

थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग मधली. खिडकीजवळचं रबराचं मोठं झाड तर बसल्या जागी पानं टाकायला लागलं. मावशी म्हणाल्या, झाडं दमल्यासारखी दिसतात. मी बाटली मोठी घेतली.

घरी मुंगी चिडचिड करायला लागली. वही उघडायची, मिटायची. खिडकीत जाऊन उभी राहायची, पुन्हा येऊन बसायची. आक्का म्हणाली, बापावर गेली. मी विचारलं काय झालं, तर तिला सांगायचं नव्हतं आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. मॅनेजरने तिला बोलावून पिवळी पानं दाखवली होती आणि विचारलं होतं की तू येतेस तरी का. कंपनीवाल्याला शनिवारी बोलावलंय, तोवर सुधारलं तर ठीक, असंही सांगितलं होतं.

"पण मी पाणी दिलंच नाहीये," ती म्हणाली. "काडी ओली येते, बाबा. दर वेळी ओलीच येते. मग कसं देऊ? आणि दिलं नाही तरी ओलीच."

माझ्या डोक्यात एकच वाक्य राहिलं, पाणी दिलंच नाही. म्हणजे मला भीती होती तेच झालं. पोरगी जाते, काडी खोचते, आणि पाणी देत नाही. मनातून भांबावली असेल, आईची आठवण येत असेल, म्हणून हात चालत नसेल. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली की झाडांना बहुतेक कळलंय. काय कळलंय ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन बाटल्या भरल्या.

आता हे लिहिताना मलाही हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. लिफ्ट अडकली की मी पहिल्यांदा विचारतो, शेवटी हात कुणी लावला होता? त्या उत्तरातच बिघाड सापडतो. कुंड्यांच्या बाबतीत मी हा प्रश्न विचारलाच नाही, कारण उत्तर मीच होतो.

शनिवारच्या आधीच्या दिवशी मुंगी शाळेत जायच्या आधी त्या इमारतीत आली. पहाटे घरातून निघताना मी तिला झोपलेली समजून निघालो होतो. ती झोपली नव्हती. माझ्यावर नजर ठेवायला मागून आली असंही नाही. तिला सकाळच्या उजेडात झाडं बघायची होती, दुपारी काही सुटत असेल तर कळावं म्हणून. मी तिसऱ्या मजल्यावर रबराच्या झाडापाशी वाकलो होतो. लिफ्ट वर येताना ऐकू आली. त्या लिफ्टचा आवाज मी ओळखतो. तिसऱ्याला थांबताना ती जरा खोकल्यासारखी करते. मला वाटलं मावशी असतील.

दार उघडलं. मुंगी दप्तर घेऊन उभी. माझ्या एका हातात रिकामी बाटली, दुसरी उपडी धरलेली, आणि मातीत पाणी गुळगुळ करत उतरत होतं.

ती जवळ आली. कुंडीतली काडी दाबली, बाहेर काढली आणि माझ्यासमोर धरली. काडीला वरपासून खालपर्यंत काळा चिखल लागलेला होता. त्याला नासक्या भाजीसारखा वास येत होता.

"रोज देता?" तिने विचारलं.

"थोडंसंच देतो. सकाळी."

"कधीपासून?"

मी सांगितलं, तू काम घेतलंस तेव्हापासून.

ती हसली. हसायला लागली ती थांबेचना, आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. मीही बसलो. पलीकडे मावशींनी केरसुणी थांबवली, आमच्याकडे एकदा बघितलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन झाडायला लागल्या. ती खोली त्यांची आधीच झाडून झालेली होती.

मी समजवायला गेलो. म्हटलं, तुला मदत म्हणून. सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं माझा विश्वास नाही.

"नव्हताच ना," ती म्हणाली. रागाने नाही. जसं आहे तसं.

मग तिने मला एक विचारलं. म्हणाली, त्या दिवशी मी बॅटरी नीट धरली होती की नाही? मी म्हटलं, धरली होती. मग म्हणाली, तेव्हा हात हलला नाही तर आता कुंडीत काडी घालताना हलेल असं कसं वाटलं तुम्हाला?

आम्ही त्या दिवशी ना शाळा केली ना काम. मी साहेबांना फोन करून सुट्टी सांगितली आणि तिच्या शाळेतही तब्येतीचं कारण कळवलं. मग कुंड्या एकेक करून लिफ्टमध्ये घातल्या आणि गच्चीवर नेल्या. त्या दिवशी मी तिच्या हाताखाली होतो. ती सांगायची, आडवी करा, मुळाला हात लावू नका, मी बघते. वर्तमानपत्रं पसरून तिने झाडं मातीसकट बाहेर काढली. बऱ्याच मुळ्या तपकिरी होऊन लिबलिबीत झाल्या होत्या, बोटात धरली की साल हातात यायची. ती कात्रीने कापत गेली. आईची कात्री. कुठलं ठेवायचं, कुठलं टाकायचं, हे ती क्षणभर थांबून ठरवायची आणि एकदा ठरवलं की मागे बघायची नाही. मी दोनदा विचारलं की हे वाचेल का. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही कोरडी माती आणा बघू." म्हणजे थोडक्यात इथून जा. मी गेलो आणि पोतं खांद्यावर घेऊन आलो. कितीतरी दिवसांनी मला खरंच दम लागला होता आणि बरं वाटत होतं.

रबराचं झाड वाचण्यासारखं नव्हतं. बुंधा दाबला तर आत बोट जात होतं. तिने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आईने ते हातभर असताना आणलं होतं. मग म्हणाली, शेंडा कापून पाण्यात ठेवू, फुटलं तर फुटलं.

मॅनेजर आला तेव्हा तिसरा मजला उघडाबोडका झाला होता. तो सरळ गच्चीवर आला. मुंगी उठून उभी राहिली, हात मातीने भरलेले. मी सांगायला तोंड उघडलं, की यात पोरीचा काही दोष नाही, सगळं मी केलं. शब्द जुळवून ठेवले होते. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाणी जास्त झालं," ती म्हणाली. "मुळं कुजली. काम माझं होतं. जेवढी वाचतील तेवढी वाचवून देते."

"जास्त झालं?" मॅनेजर म्हणाला. "मला वाटत होतं तू देतच नाहीस." मग मला म्हणाला, "तुम्ही वडील ना? लक्ष द्यायला हवं होतं."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? मुंगीचा मातीचा हात माझ्या बाहीवर होता. धरला नव्हता, नुसता ठेवला होता, मी बोलू नये म्हणून.

तो माणूस वाईट नव्हता. जेवढं तिने वाचवलं तेवढं बघून गेला, कात्री कशी चालवते तेही बघून गेला. पण शनिवारी कंपनीवाला आला आणि तिसरा मजला त्यालाच मिळाला. त्यांनी सगळ्या कुंड्या नव्या आणल्या, एकसारख्या. आमच्या वाचलेल्या झाडांना तिथे जागा राहिली नाही. मॅनेजरने मुंगीला झालेल्या दिवसांचे पैसे दिले आणि म्हणाला, झाडं हवी तर घेऊन जा, तेवढी आईची किल्ली परत आणून दे. मुंगी म्हणाली, बाबा आणून देतील.

घरी जाताना मी तिला म्हटलं की मी त्याला जाऊन खरं सांगतो, तुझं नाव का खराब व्हावं. ती दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेत म्हणाली, "सांगून काय होणार? मला म्हणेल, तुझं काम तुझा बाप करतो. त्यापेक्षा माझी चूक बरी. माझ्या कामातलं माझं मी बघते, बाबा."

डॉक्टरीणबाईंचं काम राहिलं. तिथे माझी बाटली पोचली नव्हती, त्यामुळे तिथली झाडं छान हिरवी होती. तळमजलाही राहिला, दोन कुंड्या गेल्या तरी. मुंगी ठरल्या दुपारी जाते. आक्का आपल्या घरी परत गेली. जाताना डबे पुन्हा पहिल्या जागी लावले नाहीत, पण मुंगीला म्हणाली, "पहिल्या पैशाचं आत्याला काय?" मुंगीने तिला आइस्क्रीम आणून दिलं आणि काडी परत मागून घेतली.

स्वतःसाठी तिने बूट घेतले. मला न विचारता, न सांगता. दारात नवे बूट दिसले तेव्हा मला कळलं. बरोबर मापाचे होते.

मी आता पहाटे उठून तिकडे जात नाही. जाग येते. उठून गॅस बघतो. वाचलेली झाडं आमच्या खिडकीत रांगेने आहेत आणि त्यांच्याजवळून जाताना हात शिवशिवतात. एकदा पेला भरूनही घेतला होता. मुंगी झोपेतून उठून आली, माझ्या हातातला पेला घेतला, पाणी स्वतः प्यायली आणि परत जाऊन झोपली. रबराचा शेंडा बाटलीत आहे. अजून मूळ फुटलेलं नाही, पण सडलेलाही नाही.

आता ती पैसे मागत नाही, आणि माझे पैसे खिशात असतात, त्यामुळे पर्स काढायचं काम पडत नाही. किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, मला माहीत आहे. लिफ्टच्या कामाला गेलो की मॅनेजर जिन्यात भेटतो आणि आठवण करतो. मी म्हणतो, उद्या आणतो. घरी येऊन दाराच्या मागे जातो, खुंटीला हात लावतो आणि गॅस बघायला निघून जातो.

तिसऱ्या मजल्याची किल्ली परत करायची राहिली आहे.